सातबाऱ्याच्या नोंदींना स्लॅशची सक्ती कशाला?

संपादक महोदय,
सादर नमस्कार.

मराठवाड्यातल्या कोणत्याही तालुक्याच्या गावी लिनक्सवर नोंदींचे काम सुरू झाले की ‘सेड’ लवकरच भेटतो. एखादा शब्द हजारो ओळींतून एकदम बदलायला यापेक्षा हाताशी साधन नाही. पण प्रशिक्षणाच्या टिपणांत त्याचा एकच साचा छापलेला असतो: स्लॅश, जुना शब्द, स्लॅश, नवा शब्द, स्लॅश. नेमका हाच साचा आपल्या नोंदींना सर्वांत गैरसोयीचा आहे, हे सांगण्यासाठी हे पत्र.

आपल्या कागदपत्रांत स्लॅश, म्हणजे तिरकी रेघ, कुठे नसते? गाव नमुना सात आणि बारा मिळून ७/१२. पोटहिस्सा १२/३/अ. जावक क्रमांक जा.क्र./तह/२०२३/११२. तारीख १७/०९/१९४८. मोंढ्यातल्या आडतीच्या पट्टीवर ‘रु. ४८५०/-’, गुत्तेदाराच्या बिलावरही तसेच. रकमेपुढे कोणी आकडा वाढवू नये म्हणून मारलेली ही रेघ आता संगणकाच्या फायलींतही आली आहे. आणि सेडला मात्र ती दिसली की वाटते, शब्द इथे संपला.

एक खुलासा आधीच करतो. वर्तमानपत्राच्या सोयीसाठी पुढच्या आज्ञांतली रोमन अक्षरे देवनागरीत लिहिली आहेत. ‘सेड’ हे आज्ञेचे नाव आणि एस, जी, पी, एन, आय, आर, ई ही अक्षरे कीबोर्डवर रोमन लहान लिपीतच उमटवावीत. ‘\१’ मधला आकडाही आज्ञेत इंग्रजीच लागतो. शोधायचा मजकूर मात्र फायलीत ज्या लिपीत आहे त्याच लिपीत हवा. फायलीतला देवनागरी १२ आणि इंग्रजी बारा सेडच्या लेखी दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आता मूळ मुद्दा. एस या आज्ञेनंतर जे पहिले चिन्ह येईल तेच डिलिमिटर, म्हणजे दुभाजक. ते स्लॅशच असावे असा नियम नाही. बॅकस्लॅश आणि नवी ओळ सोडून कोणतेही चिन्ह चालते, फक्त तिन्ही ठिकाणी तेच हवे. पॉझिक्स या मानकातच ही मुभा आहे, त्यामुळे लिनक्स असो की मॅक, दोन्हीकडे चालते. स्लॅश हा केवळ वारसा आहे. १९६९ मध्ये केन थॉम्प्सन यांनी लिहिलेल्या ‘एड’ या मजकूर संपादनाच्या प्रोग्राममध्ये ती पद्धत होती. बेल लॅब्जमधल्याच ली मॅकमहोन यांनी १९७३-७४ मध्ये सेड केला तेव्हा ती तशीच पुढे आली.

जावक क्रमांकातला ‘तह’ बदलून ‘तहसील’ करायचा आहे असे धरू. टिपणातल्या साच्याने आज्ञा अशी होते:

सेड 'एस/जा\.क्र\.\/तह\//जा.क्र.\/तहसील\//जी' नोंदी

शेवटचा जी म्हणजे ओळीतल्या सगळ्या जागी बदल. मजकुरातल्या प्रत्येक स्लॅशमागे एक बॅकस्लॅश. सगळ्या मिळून बाभळीच्या काट्यांची कुपाटी दिसते, आणि एक काटा राहिला की आज्ञा मोडते. दुभाजक बदलला की तेच काम असे:

सेड 'एस#जा\.क्र\./तह/#जा.क्र./तहसील/#जी' नोंदी

उरलेले दोन बॅकस्लॅश टिंबांसाठी आहेत. दुभाजक बदलल्याने टिंबाचा स्वभाव बदलत नाही. शोधाच्या भागात नुसते टिंब म्हणजे ‘कोणतेही एक अक्षर’. चौकटी कंस, तारांकन, आरंभाचे ^ आणि शेवटचे $ यांनाही हेच लागू. दुभाजक बदलला म्हणजे सगळी चिन्हे निरुपद्रवी झाली असे समजून अनेक जण इथे फसतात.

रकमेचे उदाहरण जरा जवळून पाहू. ‘रु. ५००/-’ मधून नुसते ५०० काढायचे, म्हणजे पुढे बेरीज करता येईल.

सेड 'एस#र[ुू]\. *\([०१२३४५६७८९][०१२३४५६७८९,]*\)/-#\१#जी' पट्टी

‘\१’ म्हणजे गोल कंसात सापडलेला मजकूर. चौकटी कंसात ऱ्हस्व आणि दीर्घ दोन्ही उकार घेतले, कारण निम्मे लोक ‘रु.’ लिहितात आणि निम्मे ‘रू.’. टिंबानंतरची जागा आणि तारांकन म्हणजे मधे मोकळी जागा असो, नसो, दोन असोत. पहिला अंक सक्तीचा ठेवला, नाहीतर रिकामी ‘रु. /-’ ही नोंदही पकडली जाऊन गुपचूप पुसली गेली असती. ० ते ९ असा पल्ला न देता दहाही अंक लिहिले आहेत, कारण देवनागरी पल्ल्याचा अर्थ यंत्रावरच्या भाषेच्या मांडणीवर अवलंबून राहू शकतो. हे सगळे सांभाळताना शेवटच्या ‘/-’ साठी आणखी एक बॅकस्लॅश मोजत बसायचा नाही, एवढाच दुभाजक बदलण्याचा फायदा. तो लहान नाही.

चौकटी कंसात स्लॅश टाकून पळवाट काढता येईल असे काहींना वाटते. शोधाच्या बाजूला ती चालते: लिनक्सवरचा नेहमीचा सेड, म्हणजे जीएनयू सेड, कंसातला स्लॅश साधे अक्षर मानतो. पण बदलून घालायच्या बाजूला चौकटी कंसाला काही अर्थ नाही, तिथे कंसातला स्लॅशही तो शब्दाचा शेवटच धरतो आणि चूक दाखवतो.

चूक दाखवली तर बरेच म्हणायचे. खरी भीती न बोलता होणाऱ्या चुकीची आहे. समजा इंग्रजी आकड्यांच्या फायलीत गट १२/३ चा नवा क्रमांक ४ झाला, आणि कोणी घाईत, शेवटचा स्लॅश विसरून, ‘एस/१२/३/४’ अशी इंग्रजी आकड्यांत आज्ञा दिली. एरवी शेवटचा दुभाजक राहिला की सेड लगेच आज्ञा अपुरी असल्याची तक्रार करतो. इथे करत नाही. त्याने वाचलेला अर्थ असा: ओळीत चौथ्यांदा येणारा ‘१२’ शोध आणि त्या जागी ‘३’ घाल. तिसऱ्या दुभाजकानंतरचा आकडा म्हणजे कितवी जागा, हा त्याचा नियमच आहे. बहुतेक ओळींत चार वेळा बारा नसतो, म्हणून काहीच बदलत नाही आणि लक्षातही येत नाही. ज्या ओळीत गट, तारीख, फेरफार आणि मोबाइल क्रमांक मिळून चार बारा जमतात, तिथे चौथा जो असेल तो बिघडतो.

दुसरा प्रकार याहून वाईट. रोमन लिपीतल्या फोल्डरांच्या यादीत ‘बीड’ च्या जागी ‘बीड/वडवणी’ करायचे आहे आणि आज्ञा दिली ‘एस/बीड/बीड/वडवणी’. वडवणीचे रोमन स्पेलिंग डब्ल्यूने सुरू होते. तिसऱ्या दुभाजकानंतरचा डब्ल्यू म्हणजे ‘बदललेल्या ओळी फायलीत लिही’, आणि पुढची अक्षरे हे त्या फायलीचे नाव. म्हणजे बीडचे बीडच राहते आणि फोल्डरात ‘अडवणी’ नावाची नवी फाइल जन्म घेते. त्या नावाची फाइल आधीच असेल तर ती आधी रिकामी होते. जीएनयू सेडमध्ये तिसऱ्या दुभाजकानंतरचा ई तर ओळीतला मजकूर शेलची, म्हणजे आपण टंकलेल्या आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्रामची, आज्ञा म्हणून चालवतो. बाहेरून आलेला मजकूर आज्ञेत ओतणाऱ्यांनी हे विसरू नये. अशा ठिकाणी ‘--सँडबॉक्स’ हा पर्याय लावला की फायली वाचणे, लिहिणे आणि आज्ञा चालवणे तिन्ही बंद होते.

मग दुभाजक कोणता घ्यावा? बहुतेक इंग्रजी पुस्तकांत उभी रेघ ‘|’ सुचवलेली असते. मराठीत काम करणाऱ्यांनी ती घेऊ नये असे आमचे स्पष्ट मत आहे. इन्स्क्रिप्ट या देवनागरी कीबोर्डवर शिफ्टसह टिंबाची कळ दाबली की दंड ‘।’ उमटतो. पडद्यावर तो आणि उभी रेघ शेजारी ठेवले तरी फरक कळत नाही, पण दंड हे देवनागरीचे चिन्ह आहे आणि यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत ते तीन बाइटचे असते. जीएनयू सेडला दुभाजक एका बाइटचाच लागतो. दंड दिला की दुभाजक एका बाइटचा नाही अशा अर्थाची इंग्रजी तक्रार येते, आणि माणूस डोळे फाडून बघत बसतो की रेघ तर बरोबर आहे! देवनागरी अंक, अवग्रह, ॐ यांपैकी काहीही याच कारणाने दुभाजक होऊ शकत नाही. शिवाय विस्तारित पद्धतीत, म्हणजे ‘-आर’ लावल्यावर, उभ्या रेघेचा अर्थ ‘हे किंवा ते’ असा होतो. तीच दुभाजक केली तर ‘किंवा’ म्हणायला चिन्ह उरत नाही. तिच्यामागे बॅकस्लॅश देऊन काय होते ते सेडच्या आवृत्तीवर ठरते, म्हणून त्या भानगडीत पडूच नये. अधिक, तारांकन, टिंब, प्रश्नचिन्ह यांचेही तसेच. आणि ‘&’ मुळीच नको.

स्वल्पविराम दिसायला साधा, पण आपल्या बहुतेक याद्या स्वल्पविरामानेच तोडलेल्या असतात. विसर्गासारखा दिसणारा कोलन वेळेत आणि संकेतस्थळाच्या पत्त्यात येतो. ‘@’ ईमेल नसलेल्या फायलींत चांगला. उद्गारचिन्ह एकेरी अवतरणात चालते. दुहेरी अवतरणात मात्र बॅश हा नेहमीचा शेल ते जुन्या आज्ञांचा इतिहास काढण्याची खूण समजतो आणि सेडपर्यंत गोष्ट पोचतच नाही. टक्क्याचे चिन्ह क्रॉनटॅबमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांच्या यादीत, घातकी आहे, तिथे ते नव्या ओळीत बदलते आणि आज्ञा अर्ध्यात तुटते. सगळे बघता आमची पसंती ‘#’ ला. मराठी नोंदींत ते जवळपास सापडतच नाही. इन्स्क्रिप्टमध्ये त्या कळीवर ‘्र’ उमटतो, म्हणजे कीबोर्ड बदलायचा राहिला तर चूक लगेच डोळ्यांत भरते. दंडासारखी ती लपून बसत नाही.

‘#’ ला एक अपवाद आहे. ठरावीक ओळींवरच काम करायचे असेल तेव्हा आज्ञेआधी शोध द्यावा लागतो, आणि तिथे दुभाजक बदलताना पहिल्या चिन्हामागे बॅकस्लॅश सक्तीचा आहे. तो विसरला आणि चिन्ह ‘#’ असेल, तर सेड ती अख्खी ओळ टिप्पणी समजून सोडून देतो. चूक नाही, बदल नाही, काहीच नाही. ‘@’ असेल तर निदान आज्ञा कळली नाही असे तो सांगतो. म्हणून या जागी ‘@’ वापरावा.

हे कुठे लागते त्याचे आपल्याच भागातले उदाहरण २०२३ च्या नामांतराचे. उस्मानाबादचे धाराशिव आणि औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर झाल्यावर याद्या बदलणे आले. पण याद्यांत फायलींचे मार्गही असतात, ‘/डेटा/उस्मानाबाद/२०२२/’ असे. डिस्कवरच्या फोल्डरचे नाव तेच असताना मजकुरातला मार्ग बदलला तर फाइल सापडणार नाही. म्हणून:

सेड '\@/उस्मानाबाद/@!एस#उस्मानाबाद#धाराशिव#जी' यादी

म्हणजे ज्या ओळीत स्लॅशांमध्ये बसलेला उस्मानाबाद आहे ती ओळ सोडा, बाकीच्यांत बदला.

एवढ्याने भागत नाही, कारण मराठी शब्द एकटा चालत नाही. ‘उस्मानाबादचा’ याचे ‘धाराशिवचा’ नीट होते, पण ‘उस्मानाबादेत’ याचे ‘धाराशिवेत’ होते आणि ‘औरंगाबादेत’ याचे ‘छत्रपती संभाजीनगरेत’. असे कोणी बोलत नाही. आणि पशुधनाच्या यादीत तर ‘उस्मानाबादी शेळी’ ची ‘धाराशिवी शेळी’ होऊन बसते. जिल्ह्याचे नाव बदलले तरी शेळीची जात उस्मानाबादीच आहे. शब्दाची सीमा ओळखणाऱ्या खुणेवर इथे विसंबू नये, कारण काना-मात्रा-वेलांटीला अक्षर मानायचे की नाही यावर सगळी यंत्रे एकमत नसतात. त्यापेक्षा क्रमाने चार बदल करावेत:

सेड -ई 'एस#उस्मानाबादी#@जात@#जी' -ई 'एस#उस्मानाबादेत#धाराशिवात#जी' -ई 'एस#उस्मानाबाद#धाराशिव#जी' -ई 'एस#@जात@#उस्मानाबादी#जी' यादी

आधी शेळी झाकून ठेवायची, मग विभक्तीची वेगळी रूपे, मग मूळ नाव, शेवटी शेळी उघडायची. ‘@जात@’ ही खूण फायलीत आधीपासून नाही ना, हे ‘ग्रेप’ या शोधणाऱ्या आज्ञेने पाहून घ्यावे. औरंगाबादच्या बाबतीत आणखी एक काळजी: बिहारमध्येही औरंगाबाद जिल्हा आहे, आणि स्थलांतरित मजुरांच्या यादीत तो येऊ शकतो.

बदलून घालायच्या भागातही दोन खोडकर चिन्हे आहेत, ‘&’ आणि बॅकस्लॅश. ‘&’ म्हणजे ‘जे सापडले ते’. दुकानाचे नाव ‘पाटील & सन्स’ करायला गेलात तर मधे जुने नाव येऊन बसते. मागे बॅकस्लॅश दिला की प्रश्न मिटतो. नावे यादीतून व्हेरिएबलमध्ये घेऊन आज्ञेत घालणार असाल, तर ती आधी गाळून घ्यावीत:

सेड 'एस/[&#\]/\\&/जी'

दुभाजक ‘#’ असल्याने कंसात ‘#’ आहे, दुसरा घ्याल तर तो लिहावा. ही गाळणी बदलून घालायच्या बाजूपुरतीच आहे. तेच नाव शोधाच्या बाजूला वापरायचे असेल तर टिंब, तारांकन, चौकटी कंस यांचाही बंदोबस्त करावा लागतो.

आता रात्री आपोआप चालणाऱ्या कामांबद्दल. दिवसा हाताने बिनचूक चाललेली आज्ञा क्रॉनमधून चालवली की अक्षरांच्या जागी काळे चौकोन येतात, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. दोष दुभाजकाचा नाही. क्रॉनला बहुधा भाषेची मांडणी ठाऊक नसते, तो साध्या ‘सी’ मांडणीत चालतो. त्या मांडणीत चौकटी कंसातले दहा अंक म्हणजे दहा अक्षरे राहत नाहीत. त्यांचे सुटे बाइट होतात, आणि देवनागरीच्या प्रत्येक अक्षराचा पहिला बाइट एकच असल्याने शेजारच्या अक्षराचे टवके उडतात. यंत्रावर असलेली यूटीएफ-८ मांडणी कामाच्या सुरुवातीलाच नाव देऊन ठरवावी.

विंडोजवरून आलेल्या फायलीत ओळीच्या शेवटी एक न दिसणारे चिन्ह जास्तीचे असते. त्यामुळे ‘/-’ ओळीच्या शेवटी डोळ्यांना दिसतो, पण ‘/-$’ ला सापडत नाही. आधी ‘एस/\आर$//’ चालवून ते काढावे. इथे स्लॅशच ठेवला आहे, कारण मजकुरात स्लॅश नाही. उगाच प्रत्येक ठिकाणी दुभाजक बदलण्यात शहाणपण नाही.

‘शेतकऱ्यांना’ हा शब्द समोर दिसतो आणि सेडला सापडत नाही, याचेही कारण असेच लपलेले असते. त्यातला अर्धा र ‘ऱ’ पासून लिहिता येतो, तसाच साधा र, हलन्त आणि न दिसणारा जोडक मिळूनही होतो. दिसायला एक, बाइट वेगळे. दोन्ही रूपांसाठी दोन बदल द्यावेत.

फायलीवर थेट लिहिणारा ‘-आय’ पर्याय शेवटी. आधी ‘-एन’ लावून आणि शेवटी ‘जीपी’ देऊन फक्त बदललेल्या ओळी पडद्यावर बघाव्यात, त्यांची संख्या अपेक्षेशी ताडून पाहावी, मग ‘-आय’ ला लागूनच प्रतीचे शेपूट द्यावे, जसे ‘-आय.जुनी’. मूळ फाइल त्या नावाने शिल्लक राहते. मॅकवर शेपूट नको असेल तरी रिकामे अवतरण द्यावे लागते, नाहीतर पुढची आज्ञाच शेपूट समजली जाते.

‘विम’ या मजकूर संपादनाच्या प्रोग्राममध्येही दुभाजक बदलता येतो, पण अक्षरे, आकडे, दुहेरी अवतरण आणि उभी रेघ तिथे चालत नाहीत. ‘|’ टाळण्याचे आणखी एक कारण. ‘ऑक’ या मजकूर हाताळणाऱ्या दुसऱ्या साधनात ही सोय नाही.

एक विनंती आपल्याकडेच आहे. संगणकाच्या सदरांत अशा आज्ञा छापताना मुद्रणात सरळ अवतरणचिन्हे वाकडी होतात, बॅकस्लॅश गळतात, आणि वाचक घरी टंकून बघतो तेव्हा काहीच चालत नाही. शेलला वाकडे अवतरण म्हणजे अवतरणच नव्हे. या पत्रातल्या स्वतंत्र ओळींवरच्या आज्ञा तरी सरळ अवतरणांसह छापाव्यात, आणि मुद्रितशोधकांनी ‘|’ हा पूर्णविराम समजून त्याचा दंड करू नये.

आपले,
नोंदी व याद्यांचे काम करणारे काही वाचक
परभणी